धूळपाटी ते चावडी: विकीचा कारभार चालतो कसा?

"सर, माझी ओळ कुणीतरी पुसली."

सकाळची शाळा होती. संगणकाच्या खोलीचं दार नुकतंच उघडलेलं आणि नववीतली एक मुलगी रडवेल्या चेहऱ्यानं दारात उभी. आम्ही मुलांना घेऊन मराठी विकिपुस्तके या कुणालाही बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर सांगलीच्या हळदीचा एक पाठ लिहायला घेतला होता. हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांचा, भाग तिनं हट्टानं मागून घेतलेला, कारण तिचे आजोबा तरुणपणी पेवात उतरून हळद काढायचे. तिनं लिहिलं होतं, 'पेव पंचवीस फूट खोल असतं आणि त्यात हळद दहा वर्षं टिकते.' रात्रीत ती ओळ गायब झाली होती.

तिला शेजारी बसवून मी पानाच्या माथ्यावरच्या 'इतिहास' या शब्दावर टिचकी मारली. तिची ओळ तिथं होती. तिनं ती किती वाजता लिहिली, तेही होतं. दुसऱ्या एका सदस्यानं रात्री साडेदहाला ती काढल्याची नोंद होती आणि नोंदीपुढं कारण होतं: 'संदर्भ नाही. चर्चा पानावर बोलूया.'

"म्हंजे पुसली न्हाई?"

"नाही. बाजूला काढून ठेवलीय. का काढली तेही सांगितलंय."

कुणीही बदलू शकतं त्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं शिक्षकांच्या जवळपास प्रत्येक बैठकीत मला कुणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर विकी 'लिहितं कोण' हे सांगून भागत नाही, 'सांभाळतं कोण आणि कोणत्या रीतीनं' हे सांगावं लागतं. मला स्वतःला ही रीत कळायला दोन-तीन वर्षं गेली. ती इथं मांडतो.

आधी थोडी ओळख. विकी म्हणजे वाचणाऱ्यालाच बदलता येईल असं संकेतस्थळ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं २५ मार्च १९९५ रोजी पहिलं विकी खुलं केलं. नाव त्याला होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' नावाच्या बसवरून सुचलं. हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ चा, मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. पाठ्यपुस्तकांसाठीची विकिपुस्तके २००३ ची, आणि अभ्यासक्रम, प्रयोग, सराव यांच्यासाठीचं विकिविद्यापीठ १५ ऑगस्ट २००६ चं. या सगळ्यांचे सर्व्हर चालवते ती २००३ साली स्थापन झालेली विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. पण कुठल्या पानावर काय लिहायचं हे ती संस्था ठरवत नाही. ते ठरवतात फुकट काम करणारे सदस्य, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी माणसं.

आपल्या भागात हे समजावताना मी सातबाऱ्याचा आधार घेतो. विकीचं पान म्हणजे सातबारा, आणि त्याचा 'इतिहास' म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते. वारस कधी लागले, बोजा कधी चढला, तुकडा कुणाच्या नावावर कशावरून गेला हे बघायचं तर फेरफार काढावा लागतो. विकीवर प्रत्येक वेळी बदल जतन केला की एक नवा फेरफार पडतो: कुणी केला, कधी केला, नेमका कुठला शब्द गेला आणि कुठला आला. जुनी आवृत्ती कुठं जात नाही. कुठल्याही दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात.

एक फरक मात्र मोठा आहे आणि सगळी मेख तिथंच आहे. जमिनीच्या फेरफाराला आधी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी लागते, मग तो सातबाऱ्यावर चढतो. विकीवर बदल आधी लागू होतो, तपासणी मागाहून होते. ऐकायला हे उफराटं वाटतं. पण हिशेब करून बघा. कुणाला पान खराब करायचं असेल तर त्याला बसून काहीतरी लिहावं लागतं. ते दुरुस्त करणाऱ्याला 'उलटवा' ही एक टिचकी पुरते. बिघडवण्यापेक्षा सुधारणं स्वस्त आहे. म्हणून कुणालाही आत येऊ देणं परवडतं.

परवडतं ते पहारा असेल तरच. २००५ साली जॉन सायगेनथालर या अमेरिकी पत्रकाराबद्दलच्या इंग्रजी लेखात कुणीतरी त्यांचं नाव केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडणारा धादांत खोटा मजकूर घातला, आणि तो चार महिने तसाच राहिला. ते पान कुणाच्या नजरेखालीच नव्हतं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियानं खातं नसलेल्यांना नवं पान सुरू करायची मुभा बंद केली. पहाऱ्याची साधनं तशी साधी आहेत. 'अलीकडील बदल' या पानावर सगळ्या विकीवरचे ताजे फेरफार एकाखाली एक दिसतात. आपल्याला ज्या पानांची काळजी आहे ती आपल्या पहाऱ्याच्या सूचीत घालायची. त्यांत बदल झाला की कळतं. मराठी विकिपीडियावर आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला 'सांगकाम्या' म्हणतात. शुद्धलेखनाची ठरलेली चूक हजार पानांवर बदलायची तर ती हातानं करत बसायची नाही, सांगकाम्याला सांगायची. पण सांगकाम्या सांगितलं तेवढंच करतो. 'ही ओळ खरी आहे का?' हा प्रश्न त्याला पडत नाही.

मराठी विकीवरचे शब्द मला फार आवडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. नव्या माणसानं जिथं मनमोकळं गिरवावं त्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात. पाटीवर धूळ पसरून तिच्यावर बोटानं अक्षर काढायचं आणि चुकलं की हात फिरवून मोडायचं, अशी आपल्याकडं अक्षरओळखीची जुनी पद्धत होती. विकीवर मुलं पहिले आठवडाभर तिथंच असतात. आणि सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला 'चावडी' म्हणतात. कुणी हे शब्द सुचवले मला माहीत नाही. ज्यांनी सुचवले त्यांनी परकं यंत्र आपल्या अंगणात आणून ठेवलं.

आता पेवांकडं येतो, कारण कारभार तिथं दिसतो.

प्रत्येक पानाला एक जोडपान असतं, चर्चेचं. ओळ काढणाऱ्या सदस्यानं तिथं विचारलं होतं: पंचवीस फूट कशावरून? त्यानं पंधरा फुटांची पेवं बघितली होती. मुलीनं उत्तर लिहिलं, 'माझे आबा स्वतः उतरत होते.' पलीकडून उत्तर आलं, 'आजोबांचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याला तो तपासता येणार नाही.' मुलगी चिडली. मला म्हणाली, "पुस्तकात लिवणारा तरी पेवात उतरलावता का?"

तिच्या या प्रश्नात दम आहे, आणि त्याला झटकून टाकणारं उत्तर मी कधीच देत नाही. विकिपीडियाचा नियम असा की लिहिलेलं दुसऱ्याला पडताळता आलं पाहिजे, म्हणजे छापील किंवा तशा भरवशाच्या आधाराचा उल्लेख हवा. स्वतः शोधून काढलेली गोष्ट थेट तिथं मांडायची नाही. विश्वकोशाला हा नियम बरोबरच आहे. पण आपल्याकडं हमालांचं, हळद शिजवणाऱ्यांचं, विहीर खोदणाऱ्या वडाऱ्यांचं ज्ञान छापलंच गेलेलं नाही. नियम आंधळेपणानं लावला तर त्या सगळ्यांच्या वाट्याला कोरं पान येतं. विकिविद्यापीठ इथं थोडं वेगळं आहे. तिथं स्वतः केलेलं संशोधन, मुलाखती, निरीक्षणं मांडायला मोकळीक आहे, फक्त ते संशोधन आहे हे उघड सांगायचं आणि ते कसं केलं ते दाखवायचं.

पेवांच्या ओळीचं शेवटी काय झालं? पाच दिवस चर्चा चालली. तिसऱ्या एका सदस्यानं सुचवलं की खोली जमिनीप्रमाणं बदलत असणार, तेव्हा आकडा सध्या काढूया. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा अर्जांचा तपशील सरकारी जर्नलमध्ये छापून येतो, तिथं बघूया. आजोबांची माहिती वेगळ्या चौकटीत 'एका हमालाची आठवण' म्हणून द्यावी, असंही त्यानंच सुचवलं. कुणी मतदान घेतलं नाही. कुणी निकाल दिला नाही. तिघांनाही चालेल असं वाक्य सापडेपर्यंत ते बोलत राहिले.

याला सहमती म्हणतात आणि लोक तिचा अर्थ हमखास चुकीचा घेतात. सहमती म्हणजे हात वर करून मोजणी नाही. दहा जण विनाकारण 'हो' म्हणाले आणि एकानं आधार देऊन 'नाही' म्हटलं, तर त्या एकाचं ऐकायचं असतं. कौल घेतात तो कारभाराच्या प्रश्नांवर: एखाद्या सदस्याला अधिक अधिकार द्यायचे का, एखादं धोरण बदलायचं का. आणि तिथंही नुसतं हो-नाही पुरत नाही, कारण द्यावं लागतं.

अधिक अधिकार असलेल्या सदस्याला 'प्रचालक' म्हणतात. त्याच्याकडं तीन मोठी बटणं असतात: पान काढून टाकणं, वादातलं पान काही काळ कुलूपबंद करणं, आणि उपद्रवी सदस्याला लिहिण्यापासून रोखणं. बाहेरच्यांना वाटतं हा संपादक असणार. तसं नाही. पेव पंधरा फूट की पंचवीस, या वादात प्रचालकाच्या शब्दाला नववीतल्या मुलीच्या शब्दापेक्षा कणभरही जास्त वजन नाही. ज्या वादात तो स्वतः पक्षकार आहे तिथं त्यानं बटणांना हात लावायचा नाही, असा संकेत आहे. त्याला पगार नाही, मानधन नाही. जिथं सदस्यच मोजके, अशा लहान विकीवर हे अधिकार मुदतीपुरते मिळतात आणि ते देतात सगळ्या विकींवर मिळून निवडलेले 'प्रतिपालक'.

हे अधिकार मोजक्या हातांत अडकले तर काय होतं याचं उदाहरण क्रोएशियन विकिपीडियाचं आहे. तिथं प्रचालकांच्या एका गटानं साधारण दहा वर्षं पकड ठेवली, इतिहासाच्या पानांना आपल्या राजकीय मताप्रमाणं वळण दिलं आणि आक्षेप घेणाऱ्यांना बाहेर काढलं. २०२१ मध्ये फाउंडेशनच्या अहवालानं हे तपशीलवार मांडलं. दुसरं उदाहरण मला जास्त जिव्हारी लागतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख स्कॉट्स न येणाऱ्या एका अमेरिकी मुलानं लिहिलेत. बारा वर्षांचा असताना त्यानं सुरुवात केली होती, वाईट हेतू नव्हता. इंग्रजी वाक्यात मधले शब्द स्कॉट्ससारखे दिसतील असे बदलत गेला. वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं, कारण बघायला ती भाषा बोलणारं कुणी नव्हतं. आज मराठीत यंत्राकडून भाषांतर करून लेख टाकणं सोपं झालंय. मी रोज अशी वाक्यं बघतो जी मराठी अक्षरांत आहेत, पण मराठी नाहीत. ती ओळखायला प्रोग्रॅम नको, मराठी कान पाहिजे.

इथं वाईची आठवण येते. सांगलीला येणारी कृष्णा वाईवरूनच येते. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली आला. त्या-त्या विषयातल्या जाणकारानं नोंद लिहायची, संपादकांनी ती तपासायची, भाषा एकसारखी करायची, मग छापायची. चुकलं तर जबाबदार कोण हे ठरलेलं. विकीवर ही दारं नाहीत, म्हणून ती जबाबदारी पहारा आणि चर्चा यांत वाटून घ्यावी लागते. मुलांना मी दोन्ही उघडायला लावतो. वाईचा विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत आहे, आणि विकीवरच्या कित्येक मराठी लेखांना संदर्भ म्हणून तोच भक्कम आधार आहे.

सांभाळण्याचं काम दिसत नाही, ही खरी अडचण. २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्याचं वेळू गाव पहिलं आलं, तेव्हापासून श्रमदानाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. चर खोदायला अख्खं गाव लोटतं. पण कुठल्याही डोंगरावर दोन पावसाळ्यांनी चरात गाळ साचतो आणि तो उपसायला ढोल-ताशा नसतो. विकीवरही लेखनस्पर्धा झाली की भराभर पानं तयार होतात. मागाहून मेलेले दुवे, एकाच विषयावरची तीन पानं, वर्ग न लावलेले लेख, कुठूनतरी उचललेले उतारे हा सगळा गाळ मोजके चार-पाच जण उपसत बसतात. ते थकले की थांबतात. विकी मागं पडतात ते बहुधा असे, हे माझं बघून झालेलं मत आहे.

शिकण्याच्या विकीला तर एक जास्तीची अडचण आहे. माहितीचा लेख पाच जणांनी पाच बाजूंनी वाढवला तरी चालून जातो. वाचणारा हवा तो परिच्छेद बघतो. पाठाचं तसं नसतं. पाठाला क्रम असतो. अपूर्णांक शिकवताना आधी भाकरीचे समान तुकडे, मग अंश-छेद, मग बेरीज. मध्येच कुणी चांगल्या भावनेनं दशांशाचा परिच्छेद घातला तर त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर असतं आणि पोरगं मात्र तिथंच अडकतं. आमच्या हळदीच्या पाठात एकानं शिजवण्याच्या आधी पॉलिशची माहिती घातली होती. माहिती अचूक होती. फक्त ज्या मुलानं हळद शिजताना पाहिलेली नाही, त्याला पॉलिश कशाला करतात हे कळण्याची सोय उरली नव्हती.

म्हणून पाठाला 'पालक' लागतो असं मी सांगतो. मालक नाही, पालक. हा पाठ कुणासाठी आहे, आधी काय यायला हवं, शेवटी काय जमलं पाहिजे, हे पाठाच्या माथ्यावर लिहिणारा आणि नवा मजकूर आला की तो योग्य जागी बसवणारा. हे पद कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. एकानं घ्यावं, चर्चा पानावर तसं सांगावं, जमेनासं झालं की तिथंच दुसऱ्याकडं द्यावं. पालक सोडून गेलेले अर्धवट पाठ हा शिकण्याच्या विकीवरचा सगळ्यात मोठा ढीग आहे.

पहिल्या वर्षी मी स्वतः एक चूक केली होती, ती सांगायलाच हवी. एका पुस्तकातली दीड पानं चांगली वाटली म्हणून जशीच्या तशी टाकली, खाली पुस्तकाचं नावही दिलं. प्रचालकांनी पान काढून टाकलं. मला वाईट वाटलं, पण बरोबर त्यांचंच होतं. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. नाव दिल्यानं परवानगी मिळत नाही. विकीवर आपण जे लिहितो ते कुणालाही वापरायला, बदलायला, छापून विकायलाही मोकळं असतं; अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि पुढंही तेवढंच मोकळं ठेवायचं. जे आपलं नाही ते असं मोकळं करायचा हक्क आपल्याला कुठून येणार? पाठ्यपुस्तकातला उतारा टाकू नका, समजून घ्या आणि आपल्या शब्दांत लिहा. शिकवताना आपण तेच करतो.

विकिविद्यापीठ हिंदीत २०१७ पासून आहे. मराठीत स्वतंत्र नाही. ते नुसतं मागून मिळत नाही. आधी नियमित लिहिणारे आणि सांभाळणारे काही जण सातत्यानं काम करताना दिसावे लागतात, मग विकिमीडियाची भाषा समिती विचार करते. तोवर मराठी विकिपुस्तके आहेत आणि तिथं जागाच जागा आहे.

शाळेतून सुरू करणाऱ्यांना काही गोष्टी. मुलांना खात्यासाठी खरं नाव, शाळेचं नाव वापरू देऊ नका. टोपणनाव चालतं, आणि इतिहासातली नोंद कायम राहते. आणि एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती निघतात, त्यामुळं चाळीस मुलांना एका तासात बसवलंत तर सातव्या मुलापाशी अडाल. आम्ही अडलो होतो. खाती आधी घरून काढायला सांगा. पहिल्या महिन्यात लिहायला लावूच नका. अलीकडील बदल वाचायला द्या, चुकलेली वेलांटी सुधारू द्या, धूळपाटीवर खेळू द्या. आठवड्याला अर्धा तास पुष्कळ झाला.

आजोबांची आठवण त्या चौकटीत लागली. बंद पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आधी दिवा सोडून बघतात, तो विझला तर थांबतात, असं त्यांनी सांगितलं आणि नातीनं तेच शब्द ठेवले. पेवाच्या तोंडाचा फोटो तिनं स्वतः काढला, परवाना निवडताना मला तीनदा विचारलं. आकड्याची जागा अजून मोकळी आहे.

गेल्या आठवड्यात कुणीतरी त्या पाठात 'घरपोच शुद्ध हळद मिळेल' असं लिहून खाली फोन नंबर टाकला. मी संध्याकाळी बघितलं तेव्हा बदल उलटवलेला होता. नोंदीत तिचं टोपणनाव होतं आणि पुढं कारण: 'जाहिरात आहे. हळदीबद्दल काही माहिती असेल तर चर्चा पानावर सांगा.'